चार दम थांबायचं

पाथर्डी,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मनकर्णेस,

आरतीचा नमस्कार. कोणती आरती म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. गिरणीवाल्यांची, शाळेत तुझ्या शेजारी तरटपट्टीवर बसायची ती.

तुम्ही सगळे ऊसतोडीच्या फडावर सुखरूप पोहोचलात, राहायच्या कोप्या उभ्या राहिल्या, हे तुझ्या जाऊबाईंकडून, लंकाबाईंकडून कळलं. गुडघे दुखत असतानाही तू मोळ्या वाहतेस, हेही त्यांनीच सांगितलं. मी बरी आहे. केस पिकले, चष्मा लागला, पोरांवर ओरडायची सवय काही गेली नाही.

लंकाबाईंनी तुझा मोबाईल नंबर दिला होता. तीनदा लावला आणि वाजायच्या आत कापला. फोनवर तू "बरं बरं" म्हणाली असतीस आणि मी सुटले असते. म्हणून पत्र लिहिते आहे. हे तुझ्या लेकाकडून, सचिनकडून वाचून घेऊ नकोस. सातवीत तू माझ्यापेक्षा चांगलं वाचायचीस.

जूनमध्ये माझी बदली तुमच्या गावच्या शाळेत झाली. पाचवीचा वर्ग मिळाला. हजेरीत रेश्मा सचिन हे नाव रोज घेत होते, पण ती तुझी नात हे मला कुठून कळणार? तुझं सासर या बाजूला आहे एवढं ऐकून होते. शोधत मात्र कधी आले नाही.

दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा वर्ग निम्माच उरला होता. बाकीचे आईबापांबरोबर फडावर गेलेले. रेश्माला यंदा तू लंकाबाईंकडे मागे ठेवलीस म्हणून ती होती. जिल्ह्याच्या नाट्यछटा स्पर्धेसाठी एक मूल निवडायचं होतं. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना उभं केलं. तुला सांगते मने, हल्ली पोरांना नाट्यछटा म्हणजे हातवारे करून केलेलं भाषण वाटतं. झाडं लावा, मोबाईल सोडा, आईवडिलांना विसरू नका. चार मिनिटांत पाच उपदेश! मी टाळ्या वाजवून वाजवून कंटाळले.

मग रेश्मा उठली. तिने ओढणी खिडकीच्या गजाला झोळीसारखी बांधली, एका हाताने झोका देऊ लागली आणि म्हणाली, "आरते, आज काय शिकवलं गं गुरुजींनी?"

आणि थांबली. पोरं फिदीफिदी हसली, त्यांना वाटलं विसरली. ती विसरली नव्हती. ती ऐकत होती. मी नकळत माझे श्वास मोजले. चार झाले तेव्हा ती म्हणाली, "व्हय? अन् तू फळ्यावर गेल्ती का?"

हे शब्द मी ओळखले, मने.

तुला आठवतं का, ढाकणे गुरुजींनी आपल्याला नाट्यछटा समजावली तो दिवस? बोलणारं माणूस एकच, बाकीची दिसत नाहीत, पण ती आहेत असं धरून बोलायचं. आम्ही सगळे तोंडं उघडी टाकून बसलो होतो. तू म्हणालीस, "गुरुजी, हे तर म्या रोजच करती. फडावर मायबाप ऊस तोडत्यात, मी भावाला झोका देती अन् आरतीशी बोलती." गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "मग तेच करून दाखव."

तू केलंस. फडावरची एक पोर, झोळीतला भाऊ, आणि गावात शाळेत बसलेली मैत्रीण. भागाकार कुठवर आला, माझ्या जागेवर कोण बसतं, बाई गं, थांब, बाळ रडतंय. बस, एवढंच. ना रडणं, ना उपदेश. शेवटी फक्त, "तू बोल. म्या हाय."

पुढे मी नगरला मोठमोठी नाटकं पाहिली. पडदे, दिवे, फिरता रंगमंच. आवडली, खोटं कशाला बोलू. पण त्या चार मिनिटांनी जे केलं ते कशानेच केलं नाही. गुळाचा खडा केवढासा, तोंड दिवसभर गोड. तालमीला आपण चिंचेखाली बसायचो, तू म्हणायचीस, "आरते, लगीच बोलू नगं. चार दम थांबायचं. तवर पल्याडची बोलती." मला ते कधी जमलं नाही. मला वाटायचं, गप्प राहिलं की लोक आपल्याला ढ समजतील.

वर्ग सुटल्यावर रेश्माला विचारलं, "कुणी शिकवलं गं?"

"आज्जीनं."

"आणि ही आरती कोण?"

"आज्जीची मयतरीन. आज्जी म्हन्ती, ती लई भारी ऐकायची. तशी ऐकनारी परत घावली न्हाई."

मने, मला भर वर्गात कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

आता सांगते. इतका वेळ शाळेच्या गप्पा मारल्या त्या हे लांबवायलाच.

त्या वर्षी तू दिवाळीनंतर श्रीगोंद्याकडे गेलीस. स्पर्धा डिसेंबरात, नगरला. तारीख ठरायची होती. तू जाताना गुरुजींना सांगून गेलीस, "कार्ड टाका, मी मुकादमाच्या ट्रकमधी बसून यीन." तारीख कळल्यावर गुरुजींनी कार्ड लिहिलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, कारण पेटी आमच्या गिरणीच्या भिंतीलाच होती. वर मला म्हणाले, "आरती, तूही पाठ करून ठेव. ती नाहीच आली तर."

मी ते कार्ड टाकलं नाही.

विसरले नाही, पावसात भिजलं नाही, हरवलं नाही. मी पेटीपाशी गेले, झाकण उचललं आणि कार्ड परत दप्तरात घातलं. मला नगरला जायचं होतं. एसटीने, नवा फ्रॉक घालून. बाकी काही कारण नाही. खूप शोधलं, सापडलं नाही.

नगरला मी तुझी नाट्यछटा केली. "आरते"च्या जागी "सखे" म्हटलं. शेवटी माझं एक वाक्य जोडलं, "मीही शिकून मोठी होईन!" टाळ्या पडल्या. दुसरा नंबर आला. परीक्षक बाईंनी जवळ बोलावून सांगितलं, "मुली, लिहिलंयस छान. फक्त बोलताना समोरच्याला उत्तर द्यायला वेळच देत नाहीस." लिहिलं मी नाही, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. ते प्रशस्तिपत्र पुढे डी.एड.च्या मुलाखतीलाही नेलं.

अक्षय तृतीयेच्या आधी तू परत आलीस. म्हणालीस, "कार्ड आलंच न्हाई गं. म्या रोज मुकादमाला इचारायची." मी म्हटलं, "पोस्टाचा काय भरवसा?" आणि तूच माझी समजूत काढलीस, "जाऊ दे. आलं असतं तरी बानं सोडलं असतं व्हय?" मने, तुझ्या त्या एका वाक्याची उशी करून मी अडतीस वर्षं झोपले. पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं. हळदीला आले, पण तुझ्याकडे बघितलं नाही.

माफ कर म्हणायला तोंड नाही. पण म्हणते. माफ कर.

रेश्माची निवड झाली आहे, आणि ती माझ्यामुळे नाही. मी तिला काहीही शिकवणार नाही, शिकवलं तर बिघडवीन. फक्त समोर बसून ऐकते रोज. स्पर्धेचा अर्ज भरायला घेतला. त्यात लेखकाचं नाव हा रकाना आहे. मनकर्णा लिहिलं आणि पेन थांबलं. पुढे माहेरचं नाव घालू की सासरचं? ते तुझं तूच लंकाबाईंना फोन करून सांग. अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.

सोबत एक कार्ड ठेवलं आहे. पिवळं पडलंय, पण गुरुजींचं अक्षर स्वच्छ आहे. त्यावर पत्ता तेव्हाचाच, श्रीगोंदा तालुका, मुकादमामार्फत. तुझं होतं, तुला पाठवते. या वेळी पोस्टाच्या पेटीवर भरवसा ठेवणार नाही. पोस्टात जाऊन रजिस्टर करीन, पावती घेईन.

गुरुजींनी जे लिहिलं होतं तेच मी पुन्हा लिहिते, तारीख तेवढी बदलून. शनिवार, १३ डिसेंबर, सकाळी दहा वाजता, नगर. मनकर्णा हिने अवश्य यावे. रेश्मा झोका देईल, "आरते" म्हणेल आणि थांबेल. तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची मी रिकामी ठेवणार आहे.

नाही आलीस, उत्तर दिलं नाहीस, तरी तुझा राग खरा. पण आता मी मध्येच बोलणार नाही. चार दम काय, लागतील तेवढे थांबेन.

तू बोल. म्या हाय.

ऐकणारी,
आरती