आढी आणि बुडालेलं रोप

शिनोली, ता. आंबेगाव
दि. १० ऑगस्ट २०२५

आदरणीय अब्बा,

तालिबचा सलाम. मी इथे बरा आहे. अम्मीचे गुडघे या पावसात फार दुखत नाहीत ना? रुमानाची बारावीची पुस्तकं मिळाली का?

आपण घरात बोलतो ती भाषा मला लिहिता येत नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहितो. दहावीत गणिताने मला घरी बसवलं, पण माझ्या शुद्धलेखनात कधी चूक निघाली नाही, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगत होतात. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. फोनवर मी अडखळतो आणि तुम्ही "दुकानात गर्दी आहे" म्हणून ठेवून देता. एक विनंती आहे. हे रुमानाकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावून स्वतः वाचा.

जुन्नर सोडून मला दहा महिने झाले. इथे एका भातशेतीवर कामाला आहे. मालक आणि मालकीणबाई मायाळू आहेत. त्यांची नावं पुढे लिहितो. मटण केलं की मालकीणबाई ताट वाढतानाच सांगतात, "घोडेगावातल्या तुमच्या माणसाकडनंच आणलंया, खा बिनघोर."

आज लिहिण्याचं कारण आनंदाचं आहे. भात आधी एका लहान तुकड्यात दाट पेरतात. त्याला रोप म्हणतात. ते वाढलं की उपटून मोठ्या खाचरांत लावतात. रोप गेलं की वर्षाचा भात गेला. गेल्या वर्षी मालकांचं रोप पाण्याखाली सडलं होतं. त्यांचा रोपाचा तुकडा ओढ्याच्या अगदी कडेला आहे आणि रस्त्याखालची मोरी तुंबली की सगळं पाणी तिथे साचतं. यंदा त्यांची पुतणी वृषालीताई, जी कृषी महाविद्यालयात शिकते, तिने ओडिशाकडचं थोडं बियाणं आणलं. अर्ध्या तुकड्यात ते पेरलं आणि अर्ध्यात मालकांचं घरचं.

पेरणीच्या दिवशी बांधावर बसून तिने मला समजावलं. रोप बुडालं की त्याच्या अंगातून एक वायू निघतो, इथिलीन. एरवी तो हवेत उडून जातो. पाण्यातून त्याला बाहेर पडता येत नाही, म्हणून तो रोपातच कोंडतो. त्यावरूनच रोपाला कळतं की आपण बुडालो.

मी म्हणालो, "ताई, आंबे पिकतात तेही इथिलीननेच ना? मार्केटमधल्या पिकवणीच्या खोलीवर पाटी वाचली होती."

"तोच की! तुला रे आंब्यातलं काय माहीत?"

अब्बा, तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं की माझे वडील तीस वर्षं हाच वायू कोंडतात. नळकांड्यातून नाही, भाताच्या पेंढ्यात. आंबे रचायचे, पेंढ्याने झाकायचे आणि आढीला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या वडिलांना माझ्या पुस्तकातला निम्मा धडा येतो." हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं.

उरलेला निम्मा धडा असा आहे. तो वायू कोंडला की साध्या रोपात जिबरेलिन नावाचा दुसरा रस जोर करतो आणि हुकूम सोडतो, वाढ, पाण्याच्या वर ये. रोप सगळी साखर खर्च करून लांबत जातं. नव्या बियाण्यात तोच वायू उलट निरोप देतो. जिबरेलिनचं ऐकू नकोस, आहे तिथेच थांब, साखर राखून ठेव.

तीन जुलैला मोरीत बांबू अडकले आणि रोपावर गुडघ्याच्या वर पाणी चढलं. ते नऊ दिवस हललं नाही. मी बांबूच्या काठीवर खुणा करून सकाळ-संध्याकाळ पाणी मोजत होतो. सहाव्या दिवशी घरच्या भाताची पाती पाण्यावर आली. मालक नाचायचेच बाकी होते. "बघ गं वृषाली, माझं घरचं कसं टकामका बघतंय! तुझं पाव्हणं झोपलं का काय?" नव्या अर्ध्यात नुसतं गढूळ पाणी दिसत होतं. मला वाटायचं, आत उतरावं, एक रोप उपटावं, मूळ जिवंत आहे का बघावं. माझा हात गप्प बसत नाही, तुम्हाला माहीत आहे.

पाणी उतरलं तेव्हा घरचं रोप ओल्या केसांसारखं चिखलावर आडवं पडलं होतं. लांब, पांढुरकं, बोटाने उचललं की गळणारं. नवं रोप आखूड, तपकिरी, चिखलाने माखलेलं, पण उभं. मालकीणबाई म्हणाल्या, "ही बी मेली आन् ती बी मेली. घाला नांगर. नाचणीचं रोप मागून आणू कुणाकडनं तरी."

वृषालीताई परीक्षेला पुण्यात होती, तिचा फोन लागत नव्हता. मालकांनी पॉवर टिलर बांधावर आणून उभा केला. मी त्याच्यापुढे उभा राहिलो.

"पाच दिवस थांबा," मी म्हणालो. "हात लावू नका. नव्या रोपाने साखर राखली आहे."

मालक मोठ्याने हसले. "थांबा म्हणतोय कोण, तर तू? आरं तालिब, तुला तर झाकलेलं बघवत न्हाई!"

अब्बा, आता नाव लिहितो. माझे मालक म्हणजे जानकूकाका, आणि मालकीणबाई म्हणजे धोंडाबाई काकू. अठरा वर्षं तुमच्याकडे आढी लावणारे जानकूकाका. गेल्या वर्षी मे महिन्यात लग्नाच्या ऑर्डरची आढी बिघडली, वरचे आंबे कच्चे आणि खालचे काळे निघाले, आणि "ओला पेंढा घातलास" म्हणून तुम्ही सगळ्या गाळ्यांसमोर ज्यांना काढून टाकलंत ते.

पेंढा कोरडा होता. आढी मी उघडली होती. चार दिवस रोज दुपारी तुम्ही नमाजला गेलात की मी कोपरा उचलून बघत होतो. आढीतला वायू मी रोज बाहेर सोडत होतो. तुम्ही त्यांना बोलत होतात तेव्हा मी तराजूपाशी उभा होतो आणि गप्प राहिलो. पुढे दुकानात मला बसवेना, म्हणून मी निघालो. तुम्हाला वाटलं, मला फळाच्या धंद्याची लाज वाटते. तसं नाही. मी इथे सांगायला आलो होतो, आणि सांगणं झालं नाही म्हणून कामाला राहिलो.

टिलरपुढे उभं राहून शेवटी सांगितलं. जानकूकाका म्हणाले, "मला तवाच ठाव व्हतं. कोपऱ्यातला पेंढा लई नीट रचला व्हता. माझा हात कुठं येवढा नीट?"

"मग अब्बांना बोलला का नाही?"

"रहमतुल्लाशेटला गडी धा मिळत्याल. तुला दुकानातनं घालवून त्यांनी पोरगं कुठनं आणलं असतं?" मग टिलरची चावी काढून माझ्या हातात दिली. "पाच दिवस. सहाव्या दिवशी तूच नांगरायचं."

ते पाच दिवस मी चिखलात पाय टाकला नाही. बांधावरून बघत होतो, एवढंच. चौथ्या दिवशी सकाळी धोंडाबाई काकूंनीच हाक मारली. तपकिरी पातीच्या मधून सुईएवढा हिरवा कोंब. एक नाही, सगळीकडे. किती ते मी मोजले नाहीत. मी मोजले नाहीत, अब्बा!

त्या रोपातून दोन खाचरं लागली. तिसरं पडीक आहे. रस्त्याने भीमाशंकरला जाणारे गाड्या थांबवून फोटो काढतात. जानकूकाका त्यांना सांगतात, "ह्ये आमच्या शेटच्या पोरानं राखलं." अजून तुम्हाला शेटच म्हणतात.

तुम्ही मला माफ करा असं मी लिहीत नाही. ते नंतर. आधी तुम्ही इथे या. जुन्नरच्या गाळ्यांसमोर जे बोललात ते चुकीचं होतं, हे त्यांच्या बांधावर उभं राहून त्यांना सांगा. चूक माझी होती हे मी त्याच गाळ्यांसमोर येऊन सांगेन. पुढच्या मे महिन्यात आढी त्यांच्याच हातची असावी. पेंढा याच दोन खाचरांचा आणू.

पत्र मिळालं का, वाचलं का, असं विचारायला मी रुमानाला फोन करणार नाही. पत्र पेटीत टाकतो आणि थांबतो.

जानकूकाकांच्या बांधावरून,
तुमचा मुलगा
तालिब रहमतुल्ला