बोट लागलेली जागा

४ जून
बोर्डिंगमध्ये नॅन्सी आणि मी युनिफॉर्मचे स्कर्ट गादीखाली घालून झोपायचो, घड्या कडक बसाव्यात म्हणून. मी रात्रभर लोळायचे, माझ्या घड्या वाकड्या. धाकटी बहीण असून ती मला हसायची. आज नागापूरच्या एमआयडीसीत तिच्या कारखान्यात आले आणि तेच आठवलं. इथेही दाबण्याचंच काम. तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तारेच्या ब्रशने लख्ख घासतात, एकावर एक ठेवून दोन रोलांमधून काढतात. डिंक नाही, खिळा नाही, दोन्हींचा एकच पत्रा होतो, मग तो भट्टीत तापवतात. गेल्या वर्षी तिचा नवरा यशया याच रोलपाशी उभ्या उभ्या कोसळला, तो गेलाच. मुलगा जस्टिन पुण्याला. आता मी शाळेतून रिटायर झाले, तिच्या सोबतीला राहणार. दुपारी तिने मटण केलं. किती दिवसांनी पोटभर जेवलो दोघी.

७ जून
पुंजाराम मिस्त्रींनी दटावलं. घासलेल्या पत्र्याला उघडं बोट लावू नका बाई, म्हणाले, बोटाचं तेल लागलं की तिथं जोड बसत न्हाई, भट्टीत फोड येतो. वर म्हणाले, पोरांना हात लावू नका म्हणण्यात तुमचा जन्म गेला, आता तुमची पाळी. मी हसले. पण यशयाच्या जागेवर नॅन्सी उभी राहिली की जीव थाऱ्यावर राहत नाही. पत्रा आत जाण्याआधी मी अंगठ्याने त्यावर हळूच क्रूस काढते. आई आमच्या कपाळावर काढायची, तसा.

१२ जून
भट्टीतून पत्रे आले. प्रत्येकावर क्रुसाच्या आकाराचा फोड. मी नॅन्सीला सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. फोडावर कान ठेवून बसली. आत कोणी श्वास घेतंय, म्हणाली. मीही कान लावला. पत्रा गार होता. श्वास होता.

१५ जून
क्रूस काढणं बंद केलं. फोड येतातच. आता क्रूस नाही. कपाळ, नाक, हनुवटीवरचा खळगा. यशया. मिस्त्री पाहून गेले, ते परतलेच नाहीत. फोनवर म्हणाले, मालकाला आत जागा करून दिली तुमी. आता ते एकटे ऱ्हायचे न्हाईत.

१७ जून
नॅन्सी घरी येत नाही. पत्र्यावर गाल टेकून बसते. त्याला जागा पुरत नाही म्हणते — तिने तेलाच्या हातांनी पत्र्यावर माणसाएवढी आकृती काढली — शेजारी दुसरी, बुटकी. तिच्याएवढी. घरी चल म्हणून मी तिच्या पाया पडले. ताई, तू घरी जा, एवढंच म्हणाली.

१८ जून
मेन स्विच पाडला. तरी रोल फिरताहेत. ती पत्र्यावर आडवी — मी तिचं मनगट धरून ओढलं — माझा डावा हात पत्र्याला टेकला, निघत नाही. बोट लागलं तिथं जोड बसत नाही, मिस्त्री म्हणाले होते. बसला —

पत्रा सरकतोय. उजव्या हाताने लिहिते.

जस्टिनला घराच्या किल्ल्या आणि बापाचं घड्याळ. यशयाची मोटारसायकल पुंजाराम मिस्त्रींना. माझी साखळी, पुस्तकं तिसगावच्या शाळेतल्या माझ्या विद्यार्थिनीला, अश्विनीला.

पत्रे कोणालाच नाहीत. भंगारातसुद्धा नाहीत. जस्टिन, कापू नकोस — फोड दिसले तरी कापू नकोस, आत आम्ही —