परक्या शिंगराची दुपार

उराकावा,
२१ एप्रिल

प्रिय नात्सुए,

आशीर्वाद. डोंगरावरचं बर्फ उतरलं, पण वारा अजून झोंबतो. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. यंदा आपल्याकडे पाच शिंगरं झाली, चार धडधाकट आहेत. पाचव्याचे पाय वाकडे आहेत. डॉक्टर म्हणतात सरळ होतील, मी काही आशा धरलेली नाही.

तुझ्या बाबांना जाऊन महिना झाला. तू आलीस, धूप वाहिलास आणि जेवणाआधीच निघालीस. तुझी पाठ वळताच हात्सुयो आत्यांनी तोंड उघडलं. "बरी वर तोंड करून आली गं! तापाने फणफणलेल्या भावाला टाकून खेळत बसलेली पोर ती." मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. शेहेचाळीस वर्षं मी हेच करत आले आहे.

जाण्याच्या आदल्या दिवशी बाबा मला म्हणाले, "नात्सुएला सांग, मी तिला माफ केलंय. सहा वर्षांची तर होती." मी "बरं" म्हटलं. तो निरोप तुला कळवला नाही. का, तेच लिहायला बसले, आणि शिंगरांच्या पायांवरच घुटमळत राहिले.

त्या दुपारचं तुला किती आठवतं, कोण जाणे. आपली तांबडी घोडी वीत असतानाच गेली होती. तिचं शिंगरू शर्यतीच्या नावाजलेल्या घोड्याचं, त्या वर्षीची आपली सगळी भिस्त त्याच्यावर. बाबा मेलेल्या घोडीची व्यवस्था लावायला गेले होते. दूध पाजायला भाड्याची दाई घोडी आणली होती, ओझी ओढणाऱ्या जातीची, थोराड. स्वतःचं पिल्लू मागे ठेवून आलेली. ती या परक्याला लाथा झाडत होती. वास कळू नये म्हणून तिच्या नाकपुड्यांना कापराचं मलम चोळून मी दोर धरून उभी होते. अशा वेळी आणखी कोणी आत आलं की घोडी बिथरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हे आपल्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

तू तबेल्याच्या दाराशी आलीस. "आई, कोहेई खूप गरम लागतोय."

"कपाळावर ओलं फडकं ठेव. आत येऊ नकोस."

थोड्या वेळाने पुन्हा आलीस. "आई, तो डोळे कसेतरीच करतोय."

नेमकं तेव्हाच शिंगराने सडाला तोंड लावलं होतं आणि घोडी पहिल्यांदा शांत उभी होती. मी बोललेसुद्धा नाही, नुसत्या हाताने तुला घालवलं. शिंगरू पोटभर प्यायलं. मी घरी आले तेव्हा फडकं कोहेईच्या कपाळावर होतं, आणि तू त्याचा गार हात धरून बसली होतीस.

बाबांनी येऊन तुला विचारलं, "आईला का नाही बोलावलंस?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. तुला वाटलं असेल, आई सांगेल.

ते शिंगरू पुढे तोक्योला तीन शर्यती जिंकलं. बाबांनी त्याचा फोटो कोहेईच्या फोटोशेजारी लावला. रोज सकाळी मी कोहेईपुढे भात ठेवते, तेव्हा तोही समोर असतो. मला त्या शिंगराचा राग येतो. ते बिचारं नुसतं दूध प्यायलं होतं.

जो गुन्हा तू केलाच नाहीस, तो माफ करून बाबा गेले. आता त्यांना खरं सांगायची सोय उरली नाही.

नऊ मे रोजी बाबांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी आहे. भिक्षूंचा पाठ संपला की, ताटं मांडण्याआधी, मी उभी राहून हे सगळं सांगणार आहे, हात्सुयो आत्यांसमोर. तू यावंस असं म्हणायला मला तोंड नाही. माफीही मागत नाही. मागितली तर तू देशील, माझं झाकायची तुला सहाव्या वर्षापासून सवय आहे.

तू मला बोलावलं होतंस. मी आले नाही.

आई