दोन ‘आ’ की एक गोल

१२ एप्रिल १९५३, लार्विक

नात झाली! लेकीचा, इंगेरचा, फोन आला. नाव आजीचंच, म्हणजे माझ्या बायकोचं, ठेवणार — ओगोट. बायकोने फोन माझ्या हातात कोंबला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. कॉफी उतू गेली, तिला पत्ताच नाही. तिच्या आजीचं नाव ओगोट, त्या आजीच्या आजीचंही तेच. मध्ये एक पिढी सोडून हे नाव चालत आलंय.

मी इंगेरला एवढंच विचारलं, “लिहिणार कसं?”

“सगळे लिहितात तसं, बाबा. एक ‘आ’, वर गोल.”

सगळे!

१३ एप्रिल

झोप नाही. उच्चार तोच, ओगोट, मान्य. पण आम्ही दोन ‘आ’ शेजारी शेजारी (aa) लिहीत आलो आणि त्याचा ‘ओ’ वाचत आलो. कुणाचं काही अडलं नाही. मग सरकारला सुचलं — एक ‘आ’ काढा, दुसऱ्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवा (å)! वर ते अक्षर वर्णमालेच्या पार शेवटी नेऊन बसवलं. ज्या नावाने यादी सुरू व्हायची ते आता शेपटाला. माझी नात शेपटाला?

१६ एप्रिल

जुन्या लेखनाच्या मंडळाची सभा. पोरांच्या शाळेची, नव्या सरकारी लेखनातली पुस्तकं घेऊन बसलो होतो. बर्फाला सरकार ‘स्न्यो’ लिहितं, आम्ही खोडून ‘स्ने’ करतो. हात दुखून आला, पण बरं वाटलं. चहाच्या वेळी गोलाचा विषय काढला, तर अध्यक्ष होल्मबोच हसले. “अहो फ्येलस्टा, बर्फासाठी भांडू या की! गोल तर आम्ही सगळेच घालतो. ते भांडण कधीच संपलं.”

म्हणजे मंडळात उरलेला मी एकटाच. असू दे.

१९ एप्रिल

जावई आर्विद येऊन गेला. शाळामास्तर. गोड बोलतो, म्हणून जास्त राग येतो. “बाबा, पोरीला शाळेत रोज सांगावं लागेल, माझं नाव जुन्या पद्धतीचं आहे म्हणून.”

“सांगू दे! त्यात लाज कसली?”

बोलता बोलता म्हणून गेलो — गोल घातलात तर मी बाप्तिस्म्याला पाऊल ठेवणार नाही. तो टोपी घालून निघाला. मासा तसाच ताटात.

त्याच्यामागून ओगोट म्हणाली, “सुंभ जळेल, पण तुझा पीळ नाही जायचा.” मग त्याचं ताट उचलत, “नाव माझं आहे ना रे, थोरवाल्ड? मला विचारलंस कधी?”

“बरं, विचारतो. तुला काय हवंय?”

“मला पोरगी हवीय त्या नावाची. गोल घाला नाहीतर शेपूट लावा!”

२० एप्रिल

ती बोलत नाही. मीही नाही.

२ मे

दोनदा फोनपाशी गेलो. काय बोलणार? भाषा अशीच जाते, एकेका अक्षराने. आज गोल, उद्या आणखी काही. कुणीतरी पाय रोवून उभं राहायलाच हवं. पटतं मला हे. तरी अन्न गोड लागत नाही.

९ मे

इंगेरचा फोन, थेट माझ्यासाठी. “बाबा, उद्या बाप्तिस्म्याला या. भांडणाचं कारणच ठेवलं नाही.”

जिंकलो! दोन ‘आ’! ओगोटला हाक मारून सांगितलं. तिने शिवणकाम खाली ठेवलं, माझ्या कोटाला ब्रश केला. खूप दिवसांनी हसली.

१० मे

चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलो होतो. पाद्र्याने विचारलं, बाळाचं नाव?

इंगेर म्हणाली, “लिव.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बाहेर आल्यावर तीच म्हणाली, “जुन्यात नव्यात सारखंच लिहितात, बाबा. आता तुम्हीही शांत झोपा, आम्हीही.”

ओगोटने बाळ घेतलं, पापा घेतला. “गोड नाव आहे,” म्हणाली. घरी येईपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती. मला वाटतं, हे माझ्यामुळे झालं. वाटतं कसलं, झालंच.

१७ मे

राष्ट्रदिनाची मिरवणूक दारावरून गेली. दारावर नवी पाटी लावली, काल करवून आणलेली. माझ्या नावाशेजारी तिचं, एक ‘आ’, वर गोल. तिला हाक मारली. तिने हात पुसले, पाटी वाचली, बोटाने तो गोल चाचपला.

“छान आहे रे,” म्हणाली. “पण आता माझ्यानंतर हे लिहिणार कोण?”