पंचावन्न पावलं

प्रिय टिल्लू,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "बाबा, आई पळायची कशी?" आणि दोन्ही वेळा मी भलतंच काहीतरी बोलून वेळ मारून नेली. एकदा गळक्या नळाचं, एकदा माझ्या गुडघ्याचं. तोंडी मला ते जमणार नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, बारीक काम हाताला जमतं, जिभेला नाही. म्हणून लिहितो. आईला जाऊन सात आठवडे झाले. मी जेवतो, फिरायला जातो, शेजारची सरकारी नर्स येऊन रक्तदाब बघून जाते. काळजी करू नकोस. तिचे बूट मात्र अजून दाराशीच आहेत. लहान मुलांच्या दुकानातून आणायची ती, आठवतंय? "माप मिळतं आणि वर स्वस्त पडतात," म्हणायची. तिच्या त्या खुशीत बोच होती हे तुला मोठेपणी कळलं असेल.

तुला ठाऊक आहे की ती औषधांच्या कारखान्यात गोळ्या भरायच्या विभागात होती आणि कारखान्याच्या संघातून पळायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. क्रीडा संघटनेची वेळ मोजायची घड्याळं तेलपाण्याला माझ्या दुकानात यायची. त्यातूनच कुणीतरी म्हणालं, घड्याळवाल्यालाच वेळ घ्यायला उभा करा, त्याच्याइतका काटेकोर कोण मिळणार? तसा मी रविवारी मैदानावर जाऊ लागलो. शंभर मीटरला आठ मुली उभ्या राहायच्या. सात एका उंचीच्या आणि आठवी त्यांच्या खांद्याला लागणारी. कुंपणाशी बसलेले लोक हसायचे. एक जण ओरडला होता, "अहो, हिला दोन मीटर पुढे तरी उभी करा!" शर्यत संपल्यावर तोच सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होता. कारखान्यातल्या बायकांनी तिचं नाव लवंगी ठेवलं होतं. लवंगी मिरची म्हण, लवंगी फटाका म्हण, दोन्ही लागू.

आता पळणं सांगतो. बंदूक वाजली की बाकीच्या मुली चार पावलांत उभ्या व्हायच्या, झाडं सरळ होतात तशा. तुझी आई उठायचीच नाही. डोक्यावर ठेंगणं छत असावं आणि ते लागू नये म्हणून वाकून निघावं, तशी ती तीस मीटरपर्यंत जमिनीलगत जायची. मुठी घट्ट, अंगठे आत दडवलेले. डावं कोपर थोडं बाहेर फेकायची. तिच्या प्रशिक्षकांनी ते मोडायचा फार प्रयत्न केला, पण कोपर काही ऐकेना. मान किंचित उजवीकडे कललेली, ओठ मिटलेले. पापणी हलायची नाही. आणि आवाज! इतर मुलींची पावलं धप धप ऐकू यायची, हिची मात्र शिलाई मशीन भरधाव सोडावी तशी, एकात एक मिसळलेली. साठ-सत्तर मीटरवर उंच मुली लांब ढांगा टाकत जवळ यायच्या. तिथे कुणीही पाऊल लांबवायला जातं आणि बिघडतं. ही पाऊल लांबवायचीच नाही. तेवढीच पावलं आणखी भरभर टाकायची. शर्यतीच्या अगदी शेवटी, जिथे सगळ्यांचं तेल संपतं, तिथे हिला नवीन चावी दिल्यासारखी ती सुटायची. मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. नंतर मी पावलं मोजायला लागलो. बाकीच्यांची अठ्ठेचाळीस, पन्नास. तिची पंचावन्न. दर रविवारी पंचावन्न, ना एक कमी, ना एक जास्त. माझ्या दुकानातलं एकही घड्याळ तितकं नेमकं नव्हतं.

मग ती निवड चाचणी आली. देशाच्या संघासाठी अट होती अकरा पूर्णांक आठ सेकंद किंवा त्याहून कमी. नुसतं पहिलं येऊन भागणार नव्हतं. पहिल्या येणाऱ्या मुलीवर आम्ही तिघं घड्याळं धरणार होतो. तिन्ही घड्याळांच्या वेळा वेगवेगळ्या आल्या तर मधली धरायची, असा नियम. ती पहिली आली, दोन हातांच्या अंतराने. एका घड्याळात अकरा सात, एकात बारा, माझ्यात अकरा नऊ. मधली माझी. एका दशांशाने ती राहिली. हे सगळं तुला पाठ आहे, लहानपणापासून ऐकलंयस. पुढचं ऐकलेलं नाहीस.

त्यानंतर महिनाभराने ती माझ्या दुकानात आली. वडिलांचं मनगटी घड्याळ बंद पडलं होतं. मला ओळखून म्हणाली, "तुम्हीच होतात ना त्या दिवशी? मी कशी पळाले हो? मला स्वतःला कधी दिसतच नाही." मी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं आणि तुला आत्ता सांगितलं तसं सांगत गेलो. छत, कोपर, शिलाई मशीन. ती स्टुलावर बसून ऐकत होती, लहान मुलीसारखे पाय लोंबकळत होते. कुणी तिचं पळणं तिला असं सांगितलंच नव्हतं. लोक फक्त आकडा सांगायचे. ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आली, घड्याळ व्यवस्थित चालत असताना. आमचं लग्न तिथे जमलं म्हण. टिल्लू, आमचं एकमेकांवर फार प्रेम होतं. हे पत्र संपेपर्यंत तेवढं विसरू नकोस.

त्या चाचणीनंतर ती वर्षभर पळाली, मग तिने सोडलं. कारण शोधत राहिली मात्र आयुष्यभर. आधी कोपराला दोष दिला. मग त्या दिवशीच्या वाऱ्याला. शेवटी सगळा दोष जाऊन बसला उंचीवर. कपाटातली वरची बरणी काढायला स्टूल ओढताना म्हणायची, "दोन इंच, अहो! देवाने दोन इंच जास्त दिले असते तर काय बिघडलं असतं त्याचं?" मी हसायचो. ते हसणं मला कुठून सुचायचं, देव जाणे.

तू नऊ वर्षांची होतीस. गल्लीत पोरांची शर्यत लागली आणि तू तुझ्याहून हातभर उंच पोरांना मागे टाकलंस. मी दुकानातून बघत होतो, आई खिडकीतून. तू वाकून पळत होतीस आणि डावं कोपर बाहेर. मला वाटलं, आई खूश होईल. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली आणि शाळेच्या शर्यतीत तू दिलेलं नाव काढून आली. मी टेबलावर भिंतीवरचं घड्याळ उघडून बसलो होतो. ती म्हणाली, "आपल्या घरात पाय आखूड. कितीही जीव तोडून पळा, शेवटी दशांश कमी पडतोच. मी भोगलंय, तिच्या वाट्याला नको." तू रडून रडून घर डोक्यावर घेतलंस. मी मूग गिळून बसलो. चार दिवस तू आईशी बोलली नाहीस आणि रोज माझ्या मांडीवर येऊन झोपलीस. तुला वाटलं, बाबा आपल्या बाजूचे आहेत. त्या चार दिवसांत तुझ्या केसांवरून हात फिरवताना माझ्या मनात काय चाललं होतं, ते आज लिहितोय.

टिल्लू, वेळ घेणाऱ्याने शेवटचे वीस मीटर धावणाऱ्याकडे बघायचंच नसतं. नजर फक्त शेवटच्या रेषेवर. छाती रेषेला लागली की अंगठा दाबायचा. हे मला शिकवलेलं होतं, मी इतरांना शिकवायचो. त्या दिवशी ती सत्तर मीटरवरून सुटली आणि माझी नजर तिच्या पायांवर खिळली. मी मोजत होतो. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. आणि माझ्या ध्यानात आलं की ती रेषेच्या पलीकडे गेलेली आहे. मग अंगठा दाबला. किती उशीर झाला ते माझ्याइतकं कुणाला कळणार? दोन दशांश तरी होतेच. म्हणजे माझीही वेळ अकरा सात, आणि मग मधली वेळ तीच. मुख्य पंच म्हणजे एक निवृत्त शिक्षक, फार सरळ माणूस. त्यांनी आम्हा तिघांना विचारलं, "कुणाला शंका असेल तर आत्ताच सांगा. मुलीला तासभर विसावा देऊन पुन्हा पळवू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं पक्कं?" माझ्या मागे दुकानाची चार गिऱ्हाइकं उभी होती. घड्याळवाल्याची वेळ चुकली, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली असती. मी म्हणालो, "पक्कं." दोन अक्षरं. वहीत आकडा चढला. तिकडे ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत आमच्याकडे बघत होती, चेहऱ्यावर आशा मावत नव्हती.

दुकानात आली तेव्हाच सांगणार होतो. मग वाटलं, लग्न ठरू दे. मग वाटलं, तुझा जन्म होऊ दे. प्रत्येक वर्षाने ते सांगणं आणखी अवघड केलं. शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात, दुपारी उन्हाची तिरीप तिच्या चादरीवर आली होती. तिने नाकावरची नळी बाजूला केली आणि म्हणाली, "अहो, एकदा सांगा ना, मी कशी पळायचे." मी ठरवलं, आज पूर्ण सांगायचं. छतापासून सुरुवात केली. चादरीखाली तिच्या पायांची बोटं हलत होती. सत्तर मीटरपाशी आलो आणि तिची चादर सारखी करू लागलो. तिने डोळे मिटलेले ठेवूनच विचारलं, "आणि पुढे?" मी म्हणालो, "पुढे काय, तू पहिली आलीस." ती हसली. तेवढं खोटं नव्हतं, म्हणून तर मला ते सहज बोलता आलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

परवा तू पाठवलेला लेख वाचला. कारखान्याच्या क्रीडा मंडळाच्या अंकासाठी लिहिलेला. सुरेख लिहिलायस, शब्दन् शब्द तुझ्या आईसारखा, आखूड आणि वेगवान. त्यात दोन वाक्यं आहेत. "आईला तिच्या उंचीने हरवलं." आणि "तिचं पळणं खरोखर पाहिलं ते एकट्या माझ्या बाबांनी, तेच तिचे सगळ्यांत खरे साक्षीदार." ती मी पुन्हा पुन्हा वाचली. शुक्रवारी तो छापायला जाणार म्हणालीस, म्हणून हे पत्र आजच टाकतो. माझ्याविषयी जे लिहायचं ते लिही, नाव घालून लिही. मी मंडळालाही आज वेगळं पत्र लिहिलंय. मला माफ कर असं म्हणत नाही. तुझीही एक शर्यत मी गप्प बसून घालवली, तिचा हिशेब तुझा तू कर. महिनाभर फोन केला नाहीस तरी मी समजून घेईन. पण पहिलं वाक्य राहू देऊ नकोस. तिला उंचीने हरवलं नाही, कशानेच हरवलं नाही. तुझी आई वेळेत पोहोचली होती. तसं लिही.

तुझाच,
बाबा