पाचवी ‘ब’ची गेट मीटिंग

जबलपूर
रविवार, जेवणानंतर

आदरणीय व्याहीसाहेब भाऊराव यांना लहानूचा सप्रेम जय भीम.

इकडे मी, आमची भागीरथा आणि तुमचा जावई अश्विन मजेत आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंचे डिंकाचे लाडू पोचले (बाळंतिणीचे लाडू आजोबालाही पाठवणारी विहीण मी तरी दुसरी पाहिली नाही). यशोधरा आणि आपला नातू खुशाल आहेत हे रोज व्हिडिओ कॉलवर दिसतेच. मग पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. तर तुमच्या घरचा फोन नेहमी स्पीकरवर असते आणि आमची सून बाजूलाच बसलेली असते. ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको. अश्विन येत्या शनिवारी तिकडे येऊन राहिला, त्याच्या हाती हे बंद पाकीट देतो.

यशोधराची शाळेतली नोकरी अजून कच्ची आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. रजेवर जाताना प्रिन्सिपल राजश्री मॅडमनी साफ सांगितलं की तिच्या जागी कोणी भरवशाचा माणूस पाचवी ‘ब’ला गणित शिकवत असेल, तर जागा तिची, नाहीतर नवीन बाई ठेवून घेऊ. मी गणितातला बी.एस्सी., त्यात रिटायर्ड आणि रिकामा. फॅक्टरीत अख्खं शॉप, म्हणजे एक पूर्ण खातं, सांभाळलं, पाचवीचे पोट्टे काय चीज आहे, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो. (भागीरथा मला हे वाक्य अजूनही चहाबरोबर देते.)

पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर सगळे गुणी बाळांसारखे उभे. हजेरी झाली आणि गीतांजली नावाची दोन वेण्यांची पोरगी अदबीनं म्हणाली, “सर जी, इस पीरियड में मैडम हमको मैदान ले जाती हैं.” मी विचारलं, खरंच? अख्ख्या वर्गानं मान डोलावली. आमच्या फॅक्टरीत चाळीस माणसं एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी धरायची पद्धत होती, म्हणून मी त्यांना मैदानावर नेलं. दुसऱ्या दिवशी नेलं. तिसऱ्या दिवशी तर मीच सदर बाजारातून नवी शिट्टी घेऊन आलो आणि खो-खोचा पंच झालो. मजा आली, खोटं काहून बोलू? शेवटी राजश्री मॅडमनी खिडकीतून पाहिलं आणि मला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, काकाजी, महिन्याच्या शेवटी गणिताची टेस्ट आहे, वर्ग नापास झाला तर मला यशोधराच्या जागेचा विचार करावा लागेल. त्या संध्याकाळी मी शिट्टी खिशात ठेवून दिली, व्याहीसाहेब. पोरीनं एवढ्या मेहनतीनं धरलेली जागा, आणि सासऱ्यानं खो-खोत घालवली, असं व्हायला नको होतं.

मग मी मला येते ती एकच पद्धत आणली. वर्गाचं शॉप केलं. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं रंगवून प्रत्येकाचं टोकन बनवलं. आलं की खिळ्याला टांगायचं, जाताना काढायचं. पाणी प्यायला गेट पास. पहिल्या रांगेनं गणित मांडायचं, मधल्या रांगेनं सोडवायचं, शेवटच्या रांगेनं तपासायचं. शेवटच्या रांगेतल्या पोट्ट्यांना जन्मात पहिल्यांदा कोणी दुसऱ्याची चूक काढायला सांगितलं होतं, ते इतके खूश झाले की बरोबर गणितंही रिजेक्ट करू लागले. (त्यावर मला अपील कमिटी नेमावी लागली.) पण काम चालू झालं. भागाकार धडाधड बाहेर पडून राहिले. मला वाटलं, चलो, जमलं.

इथंच मी चुकलो. शॉप केलं की युनियन होतेच, हे मला कळायला पाहिजे होतं. त्यात या गीतांजलीचे आजोबा आमच्या फॅक्टरीचे जुने युनियन लीडर निघाले! मधल्या सुट्टीत दाराशी गेट मीटिंग झाली, मुठी वर झाल्या आणि मागण्या माझ्यापुढं आल्या. (पहिली मागणी इथं लिहीत नाही, ती व्यवस्थापनाची आतली बाब आहे.) दुसरी, गेट पास बंद. तिसरी, शनिवारी जास्त काम केलं तर खोव्याची जलेबी. मी नाही म्हणालो, तर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संपाऐवजी नियमानं काम सुरू केलं. म्हणजे मी सांगितलेला एकेक नियम पाळायचा: पेन्सिलला टोक करायचं, गणित मोठ्यानं वाचायचं, पायऱ्या सगळ्या लिहायच्या, उलटा गुणाकार करून तपासायचं, शेजाऱ्याकडून पुन्हा तपासायचं. अख्ख्या पीरियडात दोन गणितं! ज्या माणसानं ऐन उमेदीत गेटवर उभं राहून हीच युक्ती साहेबांवर वापरली, त्याच्यावर पाचवीतल्या पोट्ट्यांनी ती उलटवली. मला राग यायला पाहिजे होता, पण अभिमानच जास्त आला. मी वाटाघाटीला बसलो, पोट्ट्यांच्या बरोबरीनं खाली सतरंजीवर. गेट पास गेला, जलेबी मंजूर झाली, पण तोवर टेस्ट उद्यावर आलेली.

आता मजा ऐका. नियमानं काम त्यांच्या हातात इतकं बसलं होतं की टेस्टमध्येही पोट्टे तसेच बसले: टोक केलं, ओठातल्या ओठात गणित वाचलं, पायऱ्या लिहिल्या, उलटं तपासलं. कोणाचाच पेपर पूर्ण सोडवून झाला नाही. पण जेवढं लिहिलं, तेवढं बरोबर. सगळाच्या सगळा वर्ग पास! मॅडमनी मला बोलावून सांगितलं की यशोधराची जागा पक्की, तिला आरामात येऊ द्या. मी बाहेर आलो आणि शिट्टी वाजवली, राहवलंच नाही.

विहीणबाईंना जय भीम. नातवाला माझ्याकडून पोटभर गोंजारा.

आपला,
लहानू

ता.क. १ : मॅडम ‘आरामात’ म्हणाल्या, त्यावरून सुचलं. यशोधराला माहेरी अजून महिनाभर ठेवून घेता येईल का? सासरच्या माणसानं असं लिहिणं म्हणजे काहीतरी बिनसलं, असं कृपा करून समजू नका. सून आमची हिरा आहे. पण अपूर्णांक आत्ताच सुरू केले आहेत आणि शॉप मध्येच सोडणं बरं नाही.

ता.क. २ : वर्गातली तिची खुर्ची मी तशीच ठेवली आहे. उभ्यानंच शिकवतो.

ता.क. ३ (भागीरथाच्या हातचा) : पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, ही यांची चूक. भाऊसाहेब, यांचं काही ऐकू नका, पोरीला ठरल्या दिवशीच पाठवा. घरात टोकनचा बोर्ड लागला आहे, त्यावर नातवाचंही लाल झाकण टांगलं आहे आणि हे रोज ते पुसून राहिले. आणि यांनी लपवलेली पहिली मागणी मला गीतांजलीच्या आजीनं सांगितली. “मैडम जल्दी वापस आएँ, और सर जी भी न जाएँ.” राजश्री मॅडमनी तीही मान्य केली आहे, शनिवारच्या खो-खोला सर जीच राहणार. हे यांना अजून माहीत नाही. यशोधरा येईल, त्याच दिवशी मी सांगणार आहे.