शाईतली एक खोली

८ फेब्रुवारी, शनिवार
मोठं घर बघायला निघालो होतो. वाटेत चर्चच्या बेसमेंटमध्ये जुन्या सामानाचा सेल दिसला. फक्त पाच मिनिटं डोकावलो. काळ्या शाईतलं चित्र मिळालं: साधारण १९१०, पॅरिस, एकच खोली. त्यात शेगडी, खाट, वाळत घातलेले कपडे, बटाटे सोलणारी बाई, तीन पोरं. चित्रकार अज्ञात, म्हणजे शोध माझ्या नावावर लागणार. घर तेवढ्यात दुसऱ्याला गेलं. घरं काय, मिळतात.
उल्काने चित्र पाहून विचारलं, घर कसं होतं. बायको इंजिनियर असली की हे असं.

९ फेब्रुवारी
चित्र लावायला मोकळी भिंत नाही. आमचं घर मॉन्ट्रियलच्या हिशेबात 'साडेतीन': हॉल, बेडरूम, किचन, आणि अर्धी ती वॉशरूम. फ्रिजवर तेल उडतं, हीटरवर कागद वाकेल. शेवटी लेकीचं, ऊर्मीचं स्टडी टेबल भिंतीपासून काढून पॅसेजमध्ये, बुटांच्या रॅकशेजारी हलवलं. टेम्पररी. ऊर्मी आठवीत आहे, ती इंग्लिशमध्ये बरंच काही म्हणाली. पॅसेजमध्ये एकाग्रता वाढते. बल्ब मात्र आणायला हवा.

१५ फेब्रुवारी
गॅलरीवाल्याला दाखवलं. खिडकीपाशी नेऊन म्हणाला, शाई खरी, काळही खरा, पण अशी चित्रं तेव्हा विद्यार्थी ढिगाने काढत. फ्रेम छान आहे. पठ्ठ्याला चित्र स्वतःसाठी हवंय. मीही चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. 'वी, वी' म्हणत राहिलो. फ्रेंच बरंच सुधारलंय.

२ मार्च
लीज रिन्यू करायची की नाही, महिनाअखेर कळवायचंय. उल्काला चित्रासमोर बसवलं. समजावलं की एका खोलीत अख्खं कुटुंब, तरी किती शांतता. आपल्याला मोठं घर नकोय, दृष्टी हवीय. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, हेलावली.
म्हणाली, "यात सगळे कामात आहेत. जो कामात नाही तो चित्र काढतोय."
कलेची जाण येतेय हळूहळू.

५ मार्च
बल्ब राहिला.

२२ मार्च
वॉशरूममध्ये गेलो तर ऊर्मी कोरड्या टबमध्ये उशी घेऊन बसलेली, मांडीवर मॅथ्सचं पुस्तक. म्हणाली, घरात दिवा आणि दार दोन्ही असलेली ही एकच जागा. जागेचा केवढा कल्पक वापर! कौतुकाने उल्काला बोलावून दाखवलं. उल्का लॅपटॉप उघडून बसली. जेवतानाही तो उघडाच होता.

२३ मार्च
टेबल परत आत आणायचं ठरवलं. पाठ धरली. पुढच्या वीकेंडला नक्की.

३० मार्च
उल्काने परस्पर घर ठरवलं. नदीपलीकडे, दोन बेडरूम आणि एक छोटी खोली. माझी सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं. खरं तर मोठ्या भिंतीची कल्पना मूळ माझीच.

१ जुलै
इथे बहुतेक लीज याच दिवशी बदलतात, त्यामुळे अख्ख्या शहराबरोबर आम्हीही शिफ्ट झालो. सोफा जिन्यात अडकला, मी सोफ्याखाली. चित्र सुखरूप. हॉलच्या भिंतीवर लावलं. एवढ्या मोठ्या भिंतीवर ते दुरून ओल आल्यासारखं दिसतं.
उल्का तिच्या लॅपटॉपसह छोट्या खोलीत. ऊर्मी तिच्या खोलीत, दार लावून. हॉलमध्ये मी एकटा. ऊर्मीला हाक मारली, म्हटलं बाहेर ये, गप्पा मारू.
आतून म्हणाली, "जस्ट अ सेक, बाबा."
जेवणं होऊन गेली. तो सेकंद अजून चालू आहे.